सांगायची पुस्तके आणि वाचायची पुस्तके

पुस्तकांची आवड असलेली चार माणसे एकत्र बसली की गप्पांचे विषय ठरलेले असतात. एका वेळी एकच पुस्तक वाचता, की उशाशी तीन-चार उघडी पडलेली असतात? कंटाळवाणे पुस्तक अर्ध्यावर सोडता, की पैसे दिलेत म्हणून शेवटापर्यंत ओढता? पानाचा कोपरा दुमडता का? उसने दिलेले पुस्तक परत मागायला जीभ रेटते का? रहस्यकथेचे शेवटचे पान आधी पाहून घेण्याचे पाप कोणी कोणी केले आहे? अशा गप्पांना समीक्षेत जागा नाही. चहाबरोबर त्या संपतात, असे समीक्षक मानतात. आमचे मत जरा निराळे आहे. एखाद्या समाजाची वाङ्मयीन अभिरुची समजून घ्यायची असेल तर परिसंवादात वाचलेल्या निबंधांपेक्षा या गप्पा अधिक उपयोगी पडतात. अट एकच, गप्पा मारणारा खरे बोलत असला पाहिजे. आणि नेमके इथेच आपले गाडे अडते. पुस्तकांच्या बाबतीत खरे बोलण्याची सोय आपल्या समाजात फार कमी आहे.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. सातवी-आठवीच्या मुलांना ‘मेरी पसंदीदा किताब’ या विषयावर मजमून लिहायला सांगितला की बहुतेक वह्यांत इक्बालची ‘बांगे दरा’ नाहीतर ‘दीवाने गालिब’ येते. मराठीच्या तासाला ‘माझे आवडते पुस्तक’ हा विषय दिला की त्याच वह्यांत ‘श्यामची आई’ उगवते. यांतले एकही पुस्तक त्या मुलांनी हातात धरलेले नसते. गाइडात निबंध तयार असतो, तो उतरतो. गाइड लिहिणाऱ्यालाही मुलाने काय वाचले याच्याशी कर्तव्य नसते. काय वाचले असे म्हणावे, एवढेच त्याला शिकवायचे असते. मुले हा धडा मात्र पक्का शिकतात आणि पुढे जन्मभर विसरत नाहीत.

२०१५ पासून १५ ऑक्टोबर हा डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून साजरा होतो. मुले रांगेत बसतात, हातात पुस्तके धरतात, फोटो निघतो, अहवाल वर जातो. या दिवसाने सांगायच्या पुस्तकांत ‘अग्निपंख’ची भर घातली. आपले डी.एड., बी.एड. झालेले तरुण नोकरीच्या मुलाखतीला जातात तेव्हा आवडते पुस्तक म्हणून हेच नाव सांगतात. पुस्तक चांगले आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण हेच उत्तर का निवडले जाते ते पाहण्यासारखे आहे. समोर बसलेला कोणीही असो, संस्थेचा मुस्लिम अध्यक्ष असो की मराठी शिक्षणाधिकारी, या नावावर कोणाचीच भुवई वर जात नाही. लेखक मुसलमान, काम देशाचे, भाषांतर मराठीत. उमेदवाराने आपली आवड सांगितलेली नसते, ओळखपत्र दाखवलेले असते.

मोठ्यांचेही तेच. आपल्या वाचकाच्या आवडीवर दोन पहारेकरी बसलेले आहेत, एक घरचा आणि एक बाहेरचा. बाहेर, मराठी मित्रांच्या घोळक्यात, ‘ययाति’ आणि ‘मृत्युंजय’ सांगितले जाते. जरा धीट असला तर ‘कोसला’ म्हणतो. आपल्या माणसांत बसल्यावर गालिब, इक्बाल आणि मौलाना आझादांचे ‘गुबारे खातिर’ बाहेर येते. बाईला विचारले तर ती ‘बहिश्ती जेवर’कडे बोट दाखवते, जो अनेक घरांत नवरीच्या सामानाबरोबरच येतो. ही पुस्तके कोणी वाचत नाही असे आम्ही म्हणत नाही. वाचणारे वाचतात. पण ज्या पुस्तकासाठी रात्री दिवा विझवायला उशीर झाला, जे पुस्तक चुलीपुढे हातात असताना भाकरी करपली, त्याचे नाव या यादीत कधीच नसते.

इथे थोडे विषयांतर करावेसे वाटते. आपल्या घरांत उर्दू छापील कागद पायाखाली येऊ देत नाहीत. त्यात अल्लाहचे किंवा रसूलचे नाव असेल या भीतीने तो रद्दीतही जात नाही, वेगळा ठेवला जातो. त्यामुळे गंमत अशी झाली की गुन्हेगारांच्या पाठलागाने भरलेली जासूसी कादंबरीसुद्धा, मौलवीसाहेबांनी नावे ठेवलेली असूनही, अदबीने कपाटावर चढून बसली. मराठी छापील कागद मात्र घरात आला तो भज्यांची पुडी होऊन. आपल्यातल्या कितीतरी जणांनी जोडाक्षरे त्या तेलकट तुकड्यांवर लावली आहेत, आणि बातमी अर्ध्यावर फाटलेली निघाली म्हणून हळहळलेही आहेत. दोन लिप्यांशी आपले दोन तऱ्हेचे नाते असे घरातच तयार होते. एकीचा आदर, दुसरीची ओढाताण. वाचनाच्या आवडीबद्दल बोलताना हे ध्यानात ठेवावे लागते.

तर मग वाचले काय गेले? उर्दू जाणणाऱ्या आपल्या घरांत, मालेगावपासून भिवंडीपर्यंत आणि कोकणातल्या खाडीकाठच्या गावांपर्यंत, दोन पिढ्यांना वाचनाची चटक लावली ती इब्ने सफीने. हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि कोणी लिहीत नाही. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

इब्ने सफीचे खरे नाव असरार अहमद. जन्म १९२८, अलाहाबाद जिल्ह्यातले नारा हे गाव. तो कवी होता, असरार नारवी या नावाने गझला लिहीत असे, तुगरल फरगान या नावाने विडंबने लिहीत असे. आणि तो अलाहाबादेत शाळामास्तर होता, ही गोष्ट आमच्यासारख्यांना उगीचच सुखावते. उर्दूत अश्लील मजकुराशिवाय काही खपत नाही असे एका बैठकीत कोणी म्हटले, आणि ते खोटे ठरवण्यासाठी त्याने लेखणी उचलली, अशी हकीकत सांगितली जाते. १९५२ मध्ये अलाहाबादहून अब्बास हुसैनी यांनी ‘जासूसी दुनिया’ ही मालिका सुरू केली आणि ‘दिलेर मुजरिम’ ही पहिली कादंबरी आली. त्याच वर्षी इब्ने सफी कराचीला गेला, पण अलाहाबादची आवृत्ती चालू राहिली. १९५५ मध्ये ‘खौफनाक इमारत’पासून इम्रान मालिका सुरू झाली. १९८० मध्ये त्याचे निधन झाले तोवर ‘जासूसी दुनिया’चे १२५ आणि इम्रानचे १२० भाग त्याच्या नावावर जमा होते. सुरुवातीच्या काही कादंबऱ्यांची कथानके इंग्रजीवरून घेतली होती, हे त्याने स्वतःच मान्य केलेले आहे.

आकड्यांनी लेखक मोठा होत नाही. बाबुराव अर्नाळकरांनी मराठीत हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, त्यांचे झुंजार आणि काळापहाड घराघरांत गेले, तरी मराठी समीक्षेने त्यांना ओसरीवरच उभे ठेवले. इब्ने सफीचेही उर्दूत तेच झाले. म्हणून आकडे बाजूला ठेवून त्याने केले काय ते पाहू.

त्याने दोन जोड्या निर्माण केल्या. ‘जासूसी दुनिया’त कर्नल फरीदी आणि कॅप्टन हमीद. फरीदी हा नवाबी घराण्यातला, श्रीमंत, दारूला न शिवणारा, बायकांपासून दूर राहणारा, घरात प्रयोगशाळा आणि साप पाळणारा. हमीद त्याच्या उलट. आळशी, खोडकर, मुलींच्या मागे फिरून फजिती करून घेणारा, आणि एका बकऱ्याला नाव देऊन, सजवून बरोबर फिरवणारा. फरीदीने गुन्हा शोधायचा आणि हमीदने वाचकाला हसवायचे. दुसरीकडे इम्रान. तो मूर्खासारखा वागतो, भलतेच बोलतो, च्युइंगम चघळतो, बापाने घराबाहेर काढलेला आहे, नोकर सुलेमान त्याला मुगाची डाळ खायला घालून छळतो. आणि हाच माणूस गुपचूप ‘एक्स टू’ या नावाने सगळ्या सीक्रेट सर्व्हिसचा प्रमुख आहे. त्याच्या हाताखालची जुलिया त्याला बावळट समजून झिडकारते आणि फोनवरच्या न पाहिलेल्या एक्स टूच्या आवाजाला घाबरते. वाचकाला दोन्ही बाजू माहीत. या एका युक्तीवर त्याने १२० भाग पेलले.

ही युक्ती नुसती करमणुकीची नाही. ज्याला सगळे कमी लेखतात तोच खरा करता-करविता आहे, ही कल्पना कोणत्या वाचकाला गोड लागेल? फाळणीनंतर मान खाली घालून जगायला शिकलेल्या समाजाच्या पोरांना ती गोड लागली यात नवल नाही. फरीदीची गोष्ट याहून महत्त्वाची. इब्ने सफीच्या कथा कोणत्या देशात घडतात ते तो स्पष्ट सांगत नाही. भारतातला वाचक तो देश आपला समजतो, पाकिस्तानातला आपला. त्या देशात फरीदी हा कायद्याचा माणूस आहे. तो मुसलमान आहे आणि त्याला ते कोणापुढे सिद्ध करावे लागत नाही, लपवावे लागत नाही, त्याबद्दल भाषण करावे लागत नाही. तो संशयित नाही. तो तपास करणारा आहे. मराठी पुस्तकांत आपल्या मुलांना भेटलेला मुसलमान बहुतेक वेळा इतिहासातला शत्रू तरी असतो, नाहीतर नायकाच्या घरी शिरखुर्मा पाठवणारा प्रेमळ चाचा. फौजदाराच्या खुर्चीवर बसून समोरच्याला ‘बसा’ म्हणणारा मुसलमान त्यांना पिवळ्या पडलेल्या उर्दू पानांत भेटला.

याला जोड म्हणून एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. या कादंबऱ्या हिंदीत गेल्या तेव्हा फरीदीचा विनोद झाला आणि इम्रानचा राजेश. हमीद मात्र हमीदच राहिला. मोठ्या बाजारात जाताना नायकाचे नाव बदलावे लागले, त्याच्या मस्करी करणाऱ्या सहायकाचे नाही. व्यापाराचे गणित असेल, त्यात कोणाचा दुष्टावा असेल असे आम्ही म्हणत नाही. पण अभिरुचीचा अभ्यास करणाऱ्याने या एका बदलावर थांबून विचार करावा.

दोषही सांगितले पाहिजेत. इब्ने सफीच्या बायका बहुधा सुंदर गुन्हेगार तरी असतात, नाहीतर नायकाच्या विनोदाचे निमित्त. थेरेसियासारखी एखादी जबरदस्त खलनायिका सोडली तर त्यांना स्वतःचे डोके क्वचितच मिळते. जोसेफ या आफ्रिकी नोकराचे चित्रण आज वाचताना अवघडायला होते. परदेशी माणूस म्हणजे कारस्थानी, हे समीकरण फार सोपे आहे. नंतरच्या भागांत कथानक सैल पडते, शेवट घाईने गुंडाळला जातो. दर महिन्याला पुस्तक द्यायचे म्हटल्यावर दुसरे काय होणार? पण भाषा पाहा. छोटी वाक्ये, खटके उडवणारे संवाद, उर्दूचा लहेजा कुठे बिघडलेला नाही. आमच्या ओळखीत असे कितीतरी यंत्रमाग कामगार आहेत ज्यांचे शिक्षण चौथी-पाचवीत सुटले आणि ज्यांचे उर्दू आजही अनेक पदवीधरांपेक्षा स्वच्छ आहे. त्यांना विचारले की शाळेचे नाव घेत नाहीत, लाजत लाजत इम्रानचे घेतात.

आता मूळ मुद्द्याकडे. वाचकाच्या गप्पा फालतू असतात, असे ज्यांना वाटते त्यांनी इब्ने सफीचे ‘पेशरस’ वाचावे. प्रत्येक कादंबरीच्या सुरुवातीला पान-दोन पान तो वाचकांशी बोलत असे. आलेल्या पत्रांना उत्तरे देत असे. मागच्या भागात हमीदची मस्करी कमी होती अशी कोणाची तक्रार, किंमत वाढल्याचा कोणाचा राग, अमुक खलनायकाला परत आणा असा कोणाचा आग्रह. तो कधी ऐकत असे, कधी वाचकाचीच टोपी उडवत असे. ज्या काळात उर्दू समीक्षक प्रगतिशील की आधुनिक या वादात एकमेकांना उत्तरे देत होते, त्या काळात वाचकाला उत्तर देणारा लेखक हा एकटा होता, असे म्हटले तर फार चुकणार नाही.

आणि वाचकही कमी नव्हता. १९६० ते १९६३ या काळात इब्ने सफी मानसिक आजाराने लिहू शकला नाही. बाजारात त्याच्या नावातले एखादे अक्षर बदलून नकली लेखक उगवले. फरीदी तोच, इम्रान तोच, मुखपृष्ठ तसेच. पण भाड्याच्या लायब्ररीतून पुस्तक नेणारा वाचक दोन पाने वाचून सांगायचा, ‘ये असली नहीं है.’ १९६३ मध्ये ‘डेढ मतवाले’ आली तेव्हा त्याच वाचकाने तिच्यावर झडप घातली. लेखकाची शैली दोन पानांत ओळखणे, असल आणि नक्कल वेगळी करणे, याला आम्ही बी.एड.च्या वर्गात ‘रसग्रहण’ म्हणून दहा गुणांसाठी शिकलो. तो वाचक हे आण्याच्या भाड्यात शिकला होता. त्याच्या या ज्ञानाला आपण अभिरुची म्हणत नाही, कारण त्याने ते ‘चुकीच्या’ पुस्तकावर मिळवले.

२०११ मध्ये चेन्नईच्या ब्लाफ्ट प्रकाशनाने ‘जासूसी दुनिया’तल्या चार कादंबऱ्या इंग्रजीत काढल्या. भाषांतरकार होते शम्सुर रहमान फारूकी. मीरच्या काव्यावर चार खंड लिहिणारे, उर्दू समीक्षेतले या काळातले सर्वांत वजनदार नाव. त्यांनी इब्ने सफीचे भाषांतर केले यात आम्हाला कोणतीही लाज दिसत नाही, आणि त्यांनाही दिसली नसावी. मीर वाचणारा माणूस हमीदच्या मस्करीला हसू शकतो. दोन्ही आवडी एकाच माणसात सुखाने नांदतात. आपल्याकडे मात्र ‘अदबी जौक’ म्हणजे एक आवड दाखवणे आणि दुसरी झाकणे, असा समज आहे. मराठी वाचकही याला अपवाद नाही. सुहास शिरवळकरांची ‘दुनियादारी’ कॉलेजांतून वर्षानुवर्षे हातोहात फिरत होती. २०१३ मध्ये सिनेमा आल्यावर ती आवडते असे चारचौघांत म्हणायला मंडळी मोकळी झाली.

बायकांच्या वाचनाबद्दल तर आपण बोलतच नाही. त्यांच्या वाचनाला पहारा दुप्पट आणि वेळ निम्मा. दुपारी भांडी आवरल्यापासून असरच्या नमाजपर्यंत जो तास-दीड तास मिळतो त्यात ए. आर. खातून आणि रजिया बट यांच्या कादंबऱ्या वाचल्या गेल्या, ‘बानो’ आणि ‘खातूने मशरिक’चे अंक शेजारणीकडून शेजारणीकडे गेले. ज्या अंकात पाककृती आणि दुआ असत त्याच अंकात कथाही असत, त्यामुळे झाकण आपोआप मिळे. आजच्या आमच्या विद्यार्थिनी मोबाइलवर उमैरा अहमद आणि नमरा अहमद वाचतात. ‘पीरे कामिल’चे नाव घेतले की नववीतली मुलगीसुद्धा मान वर करते. २००४ मध्ये पुस्तकरूपाने आलेली ही पाकिस्तानी कादंबरी आपल्या मोहल्ल्यांतल्या मुलींनी जेवढी वाचली तेवढे दुसरे काही वाचले असेल असे वाटत नाही.

या कादंबरीबद्दल आमचे मत फारसे चांगले नाही. नायकाची बुद्धिमत्ता आकड्यात मोजून सांगितलेली, त्याचे बिघडणेही टोकाचे आणि सुधारणेही टोकाचे. श्रद्धेचा प्रवास आणि प्रेमकथा एकमेकांना इतक्या सोयीस्कर होतात की शेवटी कोणती कोणाच्या आधाराने उभी आहे ते कळत नाही. दुसऱ्या पंथाच्या माणसांकडे पाहण्याची तिची नजरही आम्हाला खटकते. पण मुलींशी बोललो तर वेगळेच निघते. त्यांना नायकापेक्षा नायिका लक्षात राहिलेली असते. घर सोडणारी, स्वतः निर्णय घेणारी आणि तरीही कोणी जिला बेदीन म्हणू शकत नाही अशी मुलगी. त्यांना हवा तेवढा मोकळेपणा त्यांनी त्या पुस्तकातून उचलला आणि बाकीचे सोडून दिले. वाचक पुस्तकातून काय उचलतो हे नुसते पुस्तक वाचून कळत नाही. त्यासाठी वाचकाशी गप्पा माराव्या लागतात. आम्हीही त्या मारल्या नसत्या तर या कादंबरीला दोन ओळींत निकालात काढले असते.

आता आपल्या स्वतःच्या अंगणात येऊ. १९९० मध्ये सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून आपण सातत्याने म्हणत आलो की मराठी ही आमची भाषा आहे, शेख महंमदांपासून शाहीर अमर शेखांपर्यंत आमची परंपरा आहे. हे म्हणणे गरजेचे होते, आजही आहे. पण हे म्हणणे ऐकणारा आपला वाचक कुठे आहे, हा प्रश्न आपण टाळला. आपल्या कथांत दंगल आहे, तलाक आहे, गरिबी आहे, पोलीस ठाण्यात रात्र काढलेला निरपराध तरुण आहे. हे सारे खरे आहे आणि लिहिले गेलेच पाहिजे. मात्र या कथांचा श्रोता बहुतेक वेळा बाहेरचा आहे. त्याला समजावून सांगण्यासाठी त्या लिहिलेल्या आहेत. पात्र ‘अम्मी’ म्हणाले की कथाकार लगेच कंसात ‘आई’ लिहितो. कोणासाठी? आपल्या वाचकाला अम्मीचा अर्थ सांगावा लागत नाही. ज्या क्षणी तो कंस येतो त्या क्षणी आपल्या वाचकाला कळते की ही गोष्ट त्याच्याशी बोलत नाही, त्याच्याबद्दल बोलते आहे. तो पुस्तक मिटतो आणि इम्रानकडे जातो.

सांगायचे आणि वाचायचे यातले अंतर सर्वांत जास्त दिसते ते हमीद दलवाईंच्या बाबतीत. दलवाईंबद्दल मत नसलेला सुशिक्षित मुसलमान महाराष्ट्रात सापडणे कठीण. कोणी त्यांना डोक्यावर घेतो, कोणी नाव काढू देत नाही. पण १९६५ ची ‘इंधन’ वाचली आहे का, असे विचारले तर दोन्ही बाजूंना सारखीच शांतता पसरते. आम्ही हा प्रयोग अनेकदा केला आहे. ‘इंधन’ ही कोकणातल्या गावाची कादंबरी आहे. बऱ्याच वर्षांनी गावी परतलेला निवेदक, घरातले न बोललेले ताण, गावातल्या जातीजातींमधली तेढ आणि तिला लागत जाणारी आग. दलवाईंच्या विचारांशी भांडण असलेल्या वाचकालाही ती पकडून ठेवते, कारण तीत लेखक समाजसुधारक म्हणून समोर उभा राहत नाही. गाव दिसते, माणसे दिसतात, आता काय होणार म्हणून आपण पान उलटतो. तीत कोणी कोणाला मुसलमान म्हणजे काय ते समजावत बसत नाही. म्हणजे आपल्याकडे हे जमत नव्हते असे नाही. जमलेले पुस्तक आपण मत देण्यापुरते वापरले आणि वाचायचे राहून गेले.

दुसऱ्या बाजूने येणारे पूलही आहेत. दापोलीकडचे बदीउज्जमा खावर उर्दूतले कवी होते, मराठीतही गझला लिहीत होते आणि मराठी कविता उर्दूत नेत होते. पनवेलचे सलाम बिन रज्जाक मुंबईत शाळेत शिकवत, उर्दूत कथा लिहीत आणि मराठीतून उर्दूत भाषांतरे करत. २००४ मध्ये त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, २०२४ मध्ये ते गेले. या दोघांची नावे आमच्या शाळेतल्या उर्दू शिक्षकांना ठाऊक आहेत, मराठी शिकवणाऱ्यांना नाहीत. शाळा एकच, स्टाफरूम एकच, आणि तरीही ही अवस्था. सुट्टीत दोन्ही बाजू क्रिकेटवर भरभरून बोलतात. पुस्तकावर बोलणे म्हणजे परीक्षा देणे, असे वाटत असल्यामुळे तो विषय कोणी काढत नाही.

आमच्या वर्गात मराठी पुस्तके वाचणारी मुले आहेत. ‘किशोर’चे जुने अंक ती आवडीने नेतात, त्यातले कोडे आधी सोडवतात आणि गोष्ट मग वाचतात. भुताची गोष्ट असली तर त्या अंकासाठी भांडण होते. यांतलीच काही मुले उर्दूत इम्रान वाचतात, वडिलांच्या किंवा आजोबांच्या पेटीतला. त्यांनी विचारले की असे मराठीत काही आहे का, तर आम्ही त्यांना अर्नाळकर देतो, शिरवळकर देतो. ती वाचतात, त्यांना आवडतात. मग एखादा पुढचा प्रश्न येतो, की यांत आपल्यातला कोणी साहेब आहे का. या प्रश्नात जातीयवाद शोधू नये. ज्याने फरीदी वाचला आहे त्याने हे विचारणे स्वाभाविक आहे.

मुस्लिम मराठी कथाकारांनी या मुलासाठी रहस्यकथा लिहावी, असे म्हटले की आपल्याकडे हसतात. एवढे प्रश्न पेटलेले असताना हेरकथा? पण तपास करणाऱ्या माणसाला सगळीकडे जाता येते. मालेगावच्या सायझिंगमध्ये एक खून होतो. चौकशीला आलेला निरीक्षक त्याच शहरातल्या उर्दू शाळेत शिकलेला आहे. त्याला दोन्ही भाषांत जबाब घेता येतात, कोणता साक्षीदार कोणत्या भाषेत खोटे बोलतो हे त्याला कळते. मालकाकडे तो खुर्चीवर बसतो, कामगाराच्या खोलीत चटईवर. मशिदीच्या ट्रस्टींना त्याच्याकडून सवलत हवी असते, वरच्या अधिकाऱ्याला त्याच्यावर भरवसा नसतो, आणि घरी त्याची अम्मी, कंसाशिवाय, जेवण झाकून वाट पाहत असते. दंगल, तलाक, गरिबी, संशय हे सारे या कथेत येईल, फक्त ते सांगण्यासाठी कोणी व्यासपीठावर चढणार नाही. एवढेच पाहावे लागेल की खुनी कोण हे शेवटच्या पानापर्यंत कळता कामा नये, आणि जो वाचक शेवटचे पान आधी उघडतो त्यालाही मधली पाने सोडवू नयेत.